गुणसुंदरीच्या दादरात स्वागत



मूकपटांच्या अभ्यासकांचे संमेलन आमच्या दादरला भरते आहे, याचा आनंद मोठा आणि धास्ती त्याहून मोठी. बाहेरच्यांना दादर म्हणजे गाडी बदलायचे स्टेशन. पण १८९६च्या प्लेगनंतर शहर सुधारण्यासाठी नेमलेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने इथे रुंद रस्ते आखले, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी वसल्या. मेन रोडवर दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट चित्रित केला. तो रस्ता आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आणि आमचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय! १८९८ची ही संस्था. तिच्यावर मी तासभर बोललो असतो, पण कार्यवाहांची चिठ्ठी आली आहे.

आता विषयाकडे वळायलाच हवे. दादरच्याच कोहिनूर फिल्म कंपनीसाठी दिग्दर्शक चंदुलाल शहांनी १९२७ साली 'गुणसुंदरी' हा मूकपट काढला. नायिका गोहर, वय जेमतेम सतरा. दिवसभर घरकामात पिचलेली पतिव्रता. नवरा दमून येतो, मन मोकळे करू पाहतो, तर तिलाही त्राण नाही. तो नाचणारणीकडे वळतो. मग हीच चूल-मूल सोडून त्याच्या बरोबरीने बाहेर पडते. चुकला नवरा, बदलायचे मात्र बायकोने, हे आमच्या सौभाग्यवतींना पटत नाही, मलाही नाही. पण बोलपटाच्या काळात शहांनी हीच कथा १९३४ साली पुन्हा पडद्यावर आणली, म्हणजे लोकांना ती रुचली असणार.

मूळ चित्रपट मात्र नाहीसा झाला. त्या काळची रिळे नायट्रेटची, ठिणगी पडली की भडकणारी. उरलीसुरली रिळे त्यांतली चांदी काढण्यासाठी वितळवली गेली. ज्या दादरने पुस्तके जपली, त्याने आपला सिनेमा भंगारात जाऊ दिला. हे आम्हाला शोभले नाही.

व्यवस्थेत उणिवा आहेत. मागचे दोन पंखे कुरकुरतात, वाहने लावायला जागा नाही, काल रात्री माईकही रुसला होता. पाहुण्यांनी सांभाळून घ्यावे. हारतुऱ्यांसाठी फूलबाजारातील व्यापारी, मंडपाचे भाडे न घेणारे मंडपवाले, पाहुण्यांना घरी उतरवून घेणाऱ्या कॉलनीतील भगिनी, देणगीचा आकडा जाहीर करू नका म्हणणारे दाते आणि पहाटेपासून भट्टीपाशी उभे असलेले आचारी, सर्वांचे मनःपूर्वक आभार.

एक विनंती. कुणाच्या माळ्यावर जुन्या फिल्मचा डबा असेल, तर घरी उघडू नका, भंगारवाल्यालाही देऊ नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. आणि जेवणाची कुपने दारातच घ्या.