एका जागी दोन बिया



सोयाबीनची टोकण करताना एका जागी एकच बी टाकत नाहीत.
दोन-तीन टाकतात.
का बरं?

समजा, बियाण्याची उगवण 70 टक्के आहे.
बी उगवेल, किंवा उगवणार नाही.
शक्यता दोनच.
अशा हिशेबाला म्हणतात द्विपद संभाव्यता.

आता 100 जागी दोन-दोन बिया टाका.
सरासरी 49 जागी दोन्ही उगवतील.
9 जागा रिकाम्या राहतील.
तिथे नांग्या भरायच्या.
उरलेल्या 42 जागी एकेकच रोप.

हे 42 आले कुठून?
पहिलं उगवलं, दुसरं नाही: 21 जागा.
दुसरं उगवलं, पहिलं नाही: आणखी 21.
ही दुसरी वाट मोजायला विद्यार्थी हमखास विसरतात.
मीही विसरायचो.

तिसरं बी टाकलं,
तर रिकाम्या जागा उरतात जेमतेम 3.

पण एक अट आहे.
शक्यता दोनच, हे तर झालंच.
शिवाय प्रत्येक बी स्वतंत्र हवं.
एकाच्या उगवण्याचा दुसऱ्याशी संबंध नको.

पेरणीनंतर जोराचा पाऊस झाला,
मातीवर कडक पापुद्रा धरला,
की शेजारच्या दोन्ही बिया एकदमच अडतात.
मग 9 रिकाम्या जागांचा हिशेब
शेतात जुळत नाही.