एका धर्मशाळेचा वृत्तांत
(धर्मग्रामाच्या महोत्सवी सभेंतील भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं इमारतींचें वय सांगण्याचा प्रघात आहे. त्या इमारती कोणाच्या उपयोगीं पडतात, याविषयीं आज आम्ही चार शब्द बोलूं इच्छितों. आणि त्यासाठीं स्पेन देशांतील एका जुन्या धर्मशाळेचा वृत्तांत आपणांपुढें ठेवितों.

त्या देशाच्या वायव्येस सांतियागो हें नगर आहे. तेथें प्रेषित संत याकोब यांची कबर आहे, या श्रद्धेनें शेंकडों वर्षें यात्रेकरू पायीं येत आले आहेत. १४८६ सालीं राजा फर्डिनंड व राणी इझाबेला यांनीं ती यात्रा केली, आणि १४९९ सालीं गरीब व आजारी यात्रेकरूंसाठीं कॅथीड्रलच्या पटांगणाला लागूनच मोठी धर्मशाळा बांधण्याची आज्ञा दिली. एनरिके एगास हा तिचा शिल्पज्ञ. तिच्या चार चौकांस चार शुभवर्तमानकारांचीं नांवें असून मधोमध चॅपेल आहे. वाटसरूस निवारा, रोग्यास औषध व टाकून दिलेल्या अर्भकांस आश्रय, हीं तिन्ही कामें येथें चालत.

पुढें काळ पालटला. यात्रेकरूंची संख्या घटली. एकोणिसाव्या शतकांत तेथें विद्यापीठाचे वैद्यकीचे विद्यार्थी शिकूं लागले, आणि धर्मशाळा ही मुख्यतः इस्पितळच झाली. अखेर रोग्यांस दुसरीकडे हलवून १९५४ सालीं तेथें उंची हॉटेल उघडण्यांत आलें. तें आजही सरकारी मालकीचें आहे.

कोणी म्हणेल, हा तर गरिबांच्या घराचा लिलाव झाला! आम्ही तितकें कठोर बोलणार नाहीं. राबतें घर टिकतें. ओस पडलेलें घर ढांसळतें. परंतु जेथें कफल्लकास अंथरूण मिळे, तेथें आतां भाडें देणारासच तें मिळतें, हेंही खरें. तरी एक गोष्ट लक्षांत घ्यावी: रोज आधीं येणाऱ्या दहा यात्रेकरूंस फुकट जेवूं घालण्याची चाल हॉटेलानेंही राखिली. मात्र त्यांचीं पानें मोठ्या भोजनगृहांत मांडीत नसत. स्वयंपाकघराजवळच्या लहान खोलींत मांडीत.

दहा पानें थोडीं खरीं; पण तीं बंद झालीं असतीं, तर ती वास्तु कोणासाठीं बांधली होती, याची खूण कोठें उरली असती?

बंधुभगिनींनो, आपल्या सभागृहाचाही उपयोग काळाप्रमाणें बदलेल; दुरुस्तीसाठीं भाडेंही घ्यावें लागेल. तें दरपत्रक ठरवितांना, ज्याच्या घरीं लग्न आहे पण गांठीस पैसा नाहीं, त्याच्यासाठीं कांहीं दिवस आधींच राखून ठेवावे, आणि त्यास मागील दारानें नव्हे, पुढील दारानेंच आंत घ्यावें, अशी आमची आपणांस कळकळीची विनंती आहे.