लोणार : विवर, सरोवर आणि देवळे

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार या गावाला लागूनच, दख्खनच्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हारस थिजून झालेल्या काळ्या कातळात, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे वर्तुळाकार विवर असून त्याच्या तळाशी खारे सरोवर आहे. सभोवतालचा सारा कातळ ज्वालामुखीजन्य असल्याने हे विवरही ज्वालामुखीचेच मुख असावे, असे अनेक अभ्यासक दीर्घकाळ मानीत. परंतु येथील खडकांत मास्केलिनाइट, म्हणजे प्रचंड आघाताच्या दाबाने फेल्डस्पार या खनिजाची झालेली काच, सापडल्यावर ते अशनीच्या आघाताने, अर्थात आकाशातून कोसळलेल्या पाषाणामुळे, निर्माण झाले हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध झाले. त्याचे वय मात्र अद्याप वादाचे आहे. एका पद्धतीने ते सुमारे पन्नास हजार, तर दुसरीने पाच लाखांहून अधिक वर्षे भरते, आणि हा फरक किरकोळ म्हणता येण्याजोगा नाही.

सरोवराला बाहेर जाण्यास वाट नसल्यामुळे आलेले पाणी बाष्परूपानेच उडते, क्षार मागे राहतात आणि पाणी खारट तर होतेच, शिवाय धुण्याच्या सोड्यासारखे अल्कधर्मीही होते. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले, त्याचे कारण हॅलोआर्किया, म्हणजे अतिखाऱ्या पाण्यात वाढणारे रंगद्रव्ययुक्त सूक्ष्मजीव, हे होते. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. विशेष असे की, याच विवराच्या काठावर गोमुखाची गोड्या पाण्याची धार वाहते.

खाली उतरणारी पायवाट झाडीतून जाते, मोरांचे ओरडणे वारंवार ऐकू येते, आणि पाण्याच्या कडेला कमळजादेवीचे देऊळ लागते. कलेच्या दृष्टीने श्रेष्ठ मात्र गावातील दैत्यसूदनाचे मंदिर होय. लवणासुर या दैत्याचा विष्णूने केलेला वध ही सरोवराच्या उत्पत्तीची पुराणकथा त्याच्या छतावर कोरलेली आहे, आणि बाह्य भिंतींवरील शिल्पे इतकी दाट आहेत की घाईने पाहणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. बहुसंख्य प्रवासी विवराच्या काठावरूनच परततात. श्रोत्यांपैकी जे लोणारला जातील त्यांनी या मंदिरासाठी किमान दोन तास वेगळे राखावेत.