नीट दिसत असतानाच

(उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



विषयाला हात घालण्याआधी तुमच्याकडून एक छोटा प्रयोग करून घेतो. सगळ्यांनी डावा डोळा मिटा. ज्यांना एकच डोळा मिटता येत नाही, त्यांचा डोळा शेजाऱ्यानं हलकेच झाकावा. आता दोन्ही हात समोर लांब करा, अंगठे वर, एकमेकांना चिकटलेले. उजव्या डोळ्यानं डाव्या अंगठ्याच्या नखाकडेच बघत राहा आणि उजवा अंगठा सावकाश उजवीकडे सरकवा. नजर मात्र हलू द्यायची नाही. साधारण वीतभर अंतर पडलं की उजव्या अंगठ्याचं टोक नाहीसं होईल. आणखी सरकवलंत की पुन्हा दिसेल.

मागच्या रांगेतून ‘गेला, गेला’ असं ऐकू येतंय. ज्यांचा गेला नाही त्यांची नजर हललेली असणार, घरी निवांत करून बघा.

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात. जिथून डोळ्याची मुख्य शीर मेंदूकडे निघते, त्या जागी मात्र त्या नसतात. तेवढ्या भागात आपण सगळेच आंधळे आहोत. सतराव्या शतकात मारिओत नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं हे दाखवून दिलं. इथे साठी-सत्तरीचे श्रोते आहेत. इतकी वर्षं हे भोक डोळ्यात घेऊन तुम्ही वाचलंत, गाडी चालवलीत, सुईत दोरा ओवलात. कुणालाही त्याचा पत्ता लागला नाही. कारण रिकाम्या जागी काळा डाग दिसत नाही. आजूबाजूला जे असेल त्याच रंगानं मेंदू ती जागा भरून काढतो.

काचबिंदू नेमका याचा फायदा घेतो.

आपल्या डोळ्यात सतत एक स्वच्छ पाणी तयार होतं आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून त्याचा निचरा होतो. डोळ्यातून बाहेर वाहणाऱ्या अश्रूंशी या पाण्याचा संबंध नाही. मोरी तुंबावी तशी ती जाळी तुंबली की आतला दाब वाढतो. हा दाब साधारण 10 ते 21 दरम्यान असतो, ब्लडप्रेशरसारखाच पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. मागच्या शिरेत दहा-बारा लाख तंतू असतात. दाबानं ते एकेक करून मरतात आणि मेलेला तंतू परत जिवंत होत नाही. काही लोकांत दाब 21 च्या आत असूनही शीर झिजते, म्हणून नुसता दाब मोजून सुटका होत नाही, शीर डोळ्यानं पाहावी लागते. काचबिंदूच्या एका प्रकारात डोळा लाल होतो, भयंकर दुखतो, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतात. तो माणूस रातोरात दवाखाना गाठतो. सर्रास आढळणारा प्रकार मात्र ना दुखत, ना खुपत.

माझ्याकडे एक किराणा दुकानदार आले होते, पन्नाशी ओलांडलेले. जवळचा चष्मा बदलायचा होता. लांबच्या तक्त्यावरची शेवटची ओळ त्यांनी दोन्ही डोळ्यांनी घडाघडा वाचली. जाता जाता म्हणाले, “डॉक्टर, हल्ली लोकांना रस्त्यावर चालायची अक्कल राहिलेली नाही, एकदम गाडीसमोर येतात.” बरोबर आलेल्या वहिनी हळूच म्हणाल्या, “जिन्यातही पायरी चुकतात हो.” मी दाब मोजला, शीर बघितली आणि त्यांना फील्डच्या मशीनपुढे बसवलं. हनुवटी टेकवायची, पांढऱ्या घुमटाच्या मध्यभागी नजर लावायची आणि कुठेही प्रकाशाचा ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. थोडा वेळ त्यांनी बटण दाबलं, मग हात थांबला. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, “मशीन बंद पडलं का?” मशीन चालू होतं. ठिपके चमकत होते, पण ते सगळे त्यांची नजर जिथे उरली नव्हती तिथे पडत होते. शाबूत होता तो फक्त मधला भाग, आणि तक्ता त्या मधल्या भागानंच वाचला जातो.

गेलेली नजर मी त्यांना परत देऊ शकलो नाही. रोजच्या थेंबांनी दाब उतरला, जे उरलं होतं ते टिकलं. मी त्यांना भावंडांना घेऊन यायला सांगितलं. हा आजार घराण्यातून येतो. सख्ख्या भावंडांना त्याचा धोका इतरांच्या कितीतरी पट असतो. धाकट्या बहिणीत तो अगदी सुरुवातीला सापडला. आज त्या रोज रात्री एक थेंब घालतात आणि त्यांची नजर शाबूत आहे. औषध तेच, आजार तोच. फरक फक्त त्या कधी आल्या याचा.

दक्षिण भारतात घरोघर जाऊन ज्या पाहण्या झाल्या, त्यांत काचबिंदू सापडलेल्या दहांपैकी नऊंहून अधिक जणांना आपल्याला तो आहे हे ठाऊकच नव्हतं. मला हा आकडा फार अस्वस्थ करतो. औषध दुकानात मिळतं आणि माणसं आंधळी होतात ती केवळ कुणी पाहिलं नाही म्हणून.

आपल्या महाराष्ट्रात मोतीबिंदूचं काम डोंगराएवढं झालं आहे. जे. जे. रुग्णालयातून डॉ. तात्याराव लहाने यांनी आणि गावोगावच्या शिबिरांनी ऑपरेशनची भीती घालवली, हे मोठे उपकार आहेत. हे काम संपलेलंही नाही. 2015 ते 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वापैकी दोन तृतीयांश मोतीबिंदूमुळेच होतं. पण या यशातून एक समजूत घट्ट झाली आहे: डोळा गेला तर जाऊ दे, पुढे ऑपरेशन करून दिसायला लागेल. मोतीबिंदूत ते खरं आहे. काचबिंदूत गेलेलं परत येत नाही. मधुमेहानं पडद्याचं झालेलं बरंचसं नुकसानही भरून निघत नाही. तिथेही आतल्या बारीक रक्तवाहिन्या पाझरत असतात आणि माणूस आरामात पेपर वाचत असतो. म्हणून प्रौढपणी मधुमेह निघाला की त्याच महिन्यात डोळे दाखवा आणि मग दरवर्षी. साखर ताब्यात असली तरीही.

चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे डोळे तपासले, असं धरून चालू नका. 1851 साली हेल्महोल्ट्झनं डोळ्याच्या आत बघायचं उपकरण बनवलं. त्याआधी डॉक्टरला जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा दिसतच नव्हता. आज ती सोय तालुक्याच्या गावी आहे आणि आपण तक्ता वाचून घरी जातो, याचं मला वाईट वाटतं. चाळिशी लागली, जवळचं अंधूक दिसायला लागलं, की फुटपाथवरचा तयार चष्मा घेऊ नका. तीच पहिली पूर्ण तपासणी करून घ्यायची वेळ. दाब आणि शीर बघा, असं डॉक्टरांना तोंडानं सांगा. सांगायला संकोच कसला?

आता या दिवसांचं एक सांगतो, कारण ते आजच कुणाच्या तरी घरात चालू असेल. उन्हाळ्यात पाच ते पंधरा वयाची मुलं, त्यातही मुलगे जास्त, डोळे चोळून चोळून लाल करतात. ही ॲलर्जी असते. आई मेडिकलमधून थेंब आणते, दोन दिवसांत खाज थांबते. पुढच्या वर्षी तीच बाटली, तिसऱ्या वर्षी तीच. अशा अनेक बाटल्यांत स्टेरॉइड असतं. महिनोन्‌महिने घातलं तर काही मुलांत त्यानं डोळ्याचा दाब चढतो आणि शीर मरते. बारा वर्षांचं पोर फळा दिसत नाही म्हणून येतं, आणि मोठ्या माणसाचा काचबिंदू त्याच्या डोळ्यात दिसतो. आईनं तर प्रेमानंच थेंब घातलेले असतात. स्टेरॉइड वाईट औषध नाही, आम्हीही देतो, पण ते मोजून आणि दाबावर लक्ष ठेवून. घरी गेल्यावर कपाटातली बाटली काढा. ज्या नावात ‘डेक्सा’, ‘बीटा’ किंवा ‘प्रेड’ दिसेल, ती डॉक्टरांना दाखवा.

मुलांचं आणखी एक. एका डोळ्याचा नंबर जास्त असेल तर मेंदू त्या डोळ्याचं काम घेईनासा होतो, डोळा आळशी पडतो. मूल तक्रार करत नाही, दुसऱ्या डोळ्यानं त्याचं भागतं. सात-आठ वर्षांच्या आत पकडला तर चांगला डोळा झाकून आळशी डोळ्याला कामाला लावता येतं, पुढे ते अवघड होत जातं. शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. पथकानं चिठ्ठी दिली तर ती दप्तरात पडून राहू देऊ नका.

तपासणीला जाल तेव्हा बाहुली मोठी करायचे थेंब घालतील. त्यानंतर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही. म्हणून स्वतः गाडी चालवत जाऊ नका, कुणाला तरी बरोबर न्या. बरोबर नेणार ते सख्खं भावंडच असेल तर त्याचाही केसपेपर काढा.

माझं बोलणं इथे थांबवतो. चिठ्ठ्यांवर आलेले प्रश्न आता घेऊ या.