कपाशीच्या नांग्या आणि ओसरीतलं रोप



२०२५ च्या हंगामाला सरकारने बीजी-२ कपाशीच्या पाकिटाचा कमाल दर ९०१ रुपये ठरवला. एवढ्या मोलाचं बी आपण एकेक मोजून टोबतो, आणि पाऊस दहा दिवस दडी मारून बसला की ओळीत नांग्या पडतात. मग पुन्हा पाकीट, पुन्हा उधारी. नांगीत मागाहून बी टोबलं तर ते झाड पंधरा-वीस दिवस मागे पडतं, शेजारच्या झाडाच्या सावलीत खुरटतं आणि त्याची बोंडं नेमकी गुलाबी बोंडअळीच्या भरात सापडतात. त्यापेक्षा शेताच्याच वयाचं रोप घरी तयार ठेवावं, असं आम्ही म्हणतो.

हिशोब करा. चार फूट बाय दीड फुटावर एकरी ७,२६० झाडं बसतात. शंभरात पाच नांग्या धरल्या तर ३६३. म्हणजे एकरी चारशे पिशव्या पुरेत. चार बाय सहा इंची पिशवी घ्या, तळाला भोकं पाडा, तीन भाग माती आणि एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत भरा. नुसती काळी माती भरू नका, ती वाळली की आवळते. जागा एका खाटेएवढी लागते, वजन मात्र दोन क्विंटलच्या घरात जातं; बैलगाडी आधीच सांगून ठेवा.

गादीवाफ्यावर मिरची-वांग्यासारखं कपाशीचं रोप करू नका. कपाशीचं सोटमूळ पानांच्या आधी खाली धावतं. ते उपटताना तुटलं की रोप बसलंच. म्हणून पिशवी, आणि पिशवीतही दहा ते पंधरा दिवसच.

आता खरी गोम. घरात वाढवलेलं रोप उंच दिसतं, आणि बघणाऱ्याला वाटतं जोमदार आहे. ते जोमदार नसतं, ते उजेड शोधत असतं. कोंब वर येईपर्यंत पिशव्या ओसरीत चालतील. माती फोडून मान वर काढली की त्याच दिवशी उजेडात काढा. दोन दिवस अंधारात राहिलं तरी दांडा पांढरा, लांब आणि लेचापेचा होतो, आणि तो पुन्हा आखूड होत नाही. पिशव्या दाटीने ठेवल्या, पानाला पान लागलं, तरी रोपं एकमेकांच्या वर चढायला बघतात. वारा लागू द्या. वाऱ्याने हललेलं रोप ठेंगणं आणि जाड होतं. पाणी सकाळी द्या, वरची माती सुकल्यावरच. सावलीत रोज चिखल केला तर बुडखा कुजून रोप कोलमडतं. आणि कोंबड्या-शेळ्यांपासून राखा, हे सांगायला कृषी पदवी लागत नाही.

शेवटचे तीन-चार दिवस पूर्ण उन्हात ठेवा, पाण्याला ताण द्या. पान जरा गडद झालं, दांडा बोटाने वाकवला तर परत उभा राहिला, की रोप तयार. शेतात ओल असताना दुपार टळल्यावर लावा. पिशवी फाडून काढा, पण मातीचा गोळा फुटू देऊ नका.

काहीजण विचारतात, मग मे महिन्यातच रोपं करून हंगाम पुढे का ओढू नये? ते नको. लवकर फुलावर आलेली कपाशी गुलाबी बोंडअळीला पहिला घास देते. २०२५ मध्ये मान्सून २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत पोहोचला, नंतर थबकला. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्यावर शेतात बी टोबाल, त्याच दिवशी पिशव्या भरा.

ज्वारीला पिशवीचा खटाटोप परवडणार नाही. खरीप ज्वारीच्या विरळणीत निघालेली रोपं झडीच्या दिवसांत नांगीत खोचा, बरीच लागतात.

एक राहिलं. पिशव्या भरणं, पाणी घालणं हे काम घरच्या बाईच्या अंगावर पडणार आहे. खर्चाच्या वहीत तिची मजुरी बाहेरच्या मजुराच्या दराने लिहा. पुढच्या जिल्हा बैठकीला वही आणा: किती पिशव्या, किती जगल्या, किती तास लागले. मग बियाण्याच्या खर्चाशी ताडून पाहू.