अभिनंदनाचं पत्र आणि शुल्काची रक्कम

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलांचे आई-वडील अलीकडे एक प्रश्न हमखास विचारतात. मुलाला किंवा मुलीला ई-मेलनं एक पत्र आलेलं असतं. 'अभिनंदन! आपल्या शैक्षणिक गुणवत्तेमुळे आमच्या ऑनर सोसायटीसाठी आपली निवड झाली आहे.' संस्थेचं नाव दोन-तीन ग्रीक अक्षरांचं, वर सोनेरी मुद्रा. आणि शेवटी सभासद शुल्क, इतके डॉलर, अमुक तारखेच्या आत. घरात आधी आनंद होतो आणि पाठोपाठ शंका येते. हा मान आहे की विक्री?

२०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते. कर्ज काढून शिकणाऱ्या मुलाला शंभर डॉलर म्हणजे आठवड्या-दोन आठवड्यांचा किराणा. त्यामुळे हा प्रश्न किरकोळ नाही.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. एक म्हणजे कॉलेजनं स्वतः दिलेला मान. सत्रात उत्तम गुण मिळवणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यांची नावं 'डीन्स लिस्ट'मध्ये येतात. पदवी घेताना 'कम लाउडे', 'मॅग्ना कम लाउडे', 'सुम्मा कम लाउडे' असे लॅटिन शेरे मिळतात. सन्मानासह, मोठ्या सन्मानासह, सर्वोच्च सन्मानासह, असा त्यांचा अर्थ. यासाठी कुठं पैसे भरावे लागत नाहीत. मात्र असा मानही स्वस्त होऊ शकतो. २००१ मध्ये हार्वर्डच्या पदवीधरांपैकी ९१ टक्के विद्यार्थी 'सन्मानासह' उत्तीर्ण झाल्याचं उघड झालं आणि मोठी चर्चा झाली. दहापैकी नऊ जण सन्मानित असतील तर लोक त्या उरलेल्या एकाकडेच वळून बघणार! पुढच्याच वर्षी विद्यापीठानं या सन्मानांवर ६० टक्क्यांची मर्यादा घालायचं ठरवलं.

दुसरी गोष्ट म्हणजे ऑनर सोसायटी, गुणवंतांचं मंडळ. यातलं सर्वांत जुनं मंडळ फाय बीटा काप्पा. ५ डिसेंबर १७७६ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्याच वर्षी, व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी ते स्थापन केलं. सुरुवातीला तो चक्क गुप्त क्लब होता. शपथ होती, हस्तांदोलनाची खास पद्धत होती, आणि बैठकीत वादविवाद चालत. पुढे १८३१ च्या सुमारास गुप्तता गेली आणि गुणवत्तेचा मान उरला. एमर्सनचं 'द अमेरिकन स्कॉलर' हे गाजलेलं व्याख्यान १८३७ मध्ये याच मंडळाच्या हार्वर्ड शाखेपुढे झालं.

आजही तीनशेच्या आतच कॉलेजांत याच्या शाखा आहेत. कला आणि विज्ञान शाखांतल्या पदवीच्या विद्यार्थ्यांमधून साधारण दहातला एक निवडला जातो. निवड करतात त्या कॉलेजातले मंडळाचे सभासद, मुख्यतः प्राध्यापक. अर्ज करून इथे जाता येत नाही. अभियंत्यांसाठी १८८५ मध्ये लीहाय विद्यापीठात ताऊ बीटा पाय निघालं. संशोधकांसाठी १८८६ मध्ये कॉर्नेलमध्ये सिग्मा झाय, आणि सर्व शाखांसाठी १८९७ मध्ये मेन विद्यापीठात फाय काप्पा फाय. आपली मुलं बहुतेक एम.एस.साठी जातात. फाय काप्पा फाय पदव्युत्तर वर्गातल्या पहिल्या दहा टक्क्यांचा विचार करतं, हे त्यांनी लक्षात ठेवावं.

या मंडळांचा इतिहास सगळाच उजळ आहे असं मात्र नाही. फाय बीटा काप्पामध्ये पहिल्या स्त्रिया आल्या १८७५ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर ९९ वर्षांनी, व्हरमाँट विद्यापीठात. ताऊ बीटा पायनं बुद्धिमान मुलींना बरीच वर्षं सभासदत्व न देता नुसता 'महिला बिल्ला' दिला. पूर्ण सभासदत्व मिळायला १९६९ साल उजाडलं. एडवर्ड बूशे हा कृष्णवर्णीय तरुण १८७४ मध्ये येलचा पदवीधर झाला. १८७६ मध्ये त्यानं पदार्थविज्ञानात डॉक्टरेट मिळवली, आणि ती मिळवणारा तो अमेरिकेतला पहिला कृष्णवर्णीय ठरला. फाय बीटा काप्पानं त्याला निवडलं ते १८८४ मध्ये! बूशेची विद्वत्ता त्या दहा वर्षांत बदलली नव्हती. बदलली ती निवडणाऱ्यांची नजर.

नोबेल विजेते रिचर्ड फाइनमन शाळेतली एक गंमत सांगत. हुशार मुलांच्या अशाच एका मंडळात त्यांना घेतलं. तिथे काय चालतं म्हणून बघतात तो काय, आणखी कोणाला मंडळात घ्यायचं, याचीच चर्चा! ज्या मानातून दुसरं काही काम निघत नाही, तो मान त्यांना कधी मानवला नाही.

आपल्याकडची परंपरा या बाबतीत आठवण्यासारखी आहे. पेशव्यांच्या काळातल्या दक्षिणेच्या निधीतून पुढे इंग्रजी अमदानीत दक्षिणा फेलोशिप निघाल्या. फेलोला विद्यावेतन मिळे आणि त्यानं शिकवावं अशी अपेक्षाही असे. मॅट्रिकला संस्कृतात पहिला येणाऱ्याला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळे. १९१२ मध्ये ती चिंतामणराव देशमुखांनी मिळवली. या मानात देणारा काही देत होता. घेणाऱ्याकडून घेत नव्हता.

मग पैसे मागितले की संस्था खोटी, असं समजायचं का? नाही. नामवंत मंडळंही प्रवेशाच्या वेळी शुल्क घेतात. खरी परीक्षा वेगळी आहे. पहिला प्रश्न: या मंडळाची शाखा तुमच्या कॉलेजात आहे का, आणि कॉलेजच्या अधिकृत यादीत तिचं नाव आहे का? दुसरा: शाखेचं काम पाहणारे प्राध्यापक कोण? त्यांना जाऊन भेटा. तिसरा: निवडीचा निकष स्पष्ट आहे का? वर्गातले पहिले किती टक्के, हे सांगता येत नसेल तर 'निवड' कसली? चौथा: सभासद झाल्यावर काही काम आहे का, म्हणजे लहान वर्गातल्या मुलांना शिकवणं, व्याख्यानं, समाजसेवा; की नुसतं प्रमाणपत्र आणि बिल्ला? अशा मंडळांची १९२५ मध्ये स्थापन झालेली एक संघटना आहे. तिच्या यादीत नाव असणं ही जमेची बाजू. नसलं म्हणून संस्था वाईट असं नाही. फाय बीटा काप्पाच त्या यादीत नाही.

या चार प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली तर खुशाल सभासद व्हा. मिळाली नाहीत तर पत्र बाजूला ठेवा. त्यानं गुण कमी होत नाहीत आणि पदवीवर डाग पडत नाही. नोकरी देणारा किंवा पीएच.डी.ला घेणारा प्राध्यापक आधी बघतो ते तुमचं काम आणि तुमच्या शिक्षकांचं तुमच्याबद्दलचं मत. ते मत मिळवायला शुल्क नसतं. प्रयोगशाळेत बसावं लागतं.

आणि आई-वडिलांना एक विनंती. मुलगा किंवा मुलगी फोनवर 'असं पत्र आलंय' म्हणाली, तर लगेच नातेवाइकांत पेढे वाटू नका आणि लगेच 'फसवणूक आहे' म्हणून तिला गप्पही करू नका. तिनं मेहनत केली आहे, म्हणून ते पत्र खरं असावं असं तिला वाटतं. तिच्या मेहनतीचं कौतुक आधी करा. पत्राची चौकशी दोन दिवसांनी केली तरी चालेल.