दख्खनची राणी: डबे बदलले, गाडी तीच
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून आगगाडीविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु घरापासून दूर राहणाऱ्या माणसाचे आगगाडीशी नाते निराळेच असते. पुणे-मिरज मार्ग १९७१ साली रुंद झाला. बंगळूरकडचा मार्ग मात्र पुढे बरीच वर्षे मीटर गेजच राहिला. त्या काळी ट्रंका, वळकट्या आणि मुले सांभाळीत मिरजेच्या फलाटावर गाडी बदलल्याचे आपल्यातील वडीलधाऱ्यांना स्मरत असेल. पुण्यास पोहोचल्यावर ज्यांना मुंबई गाठावयाची असे, त्यांच्या तोंडी एकच नाव येई: दख्खनची राणी, म्हणजे डेक्कन क्वीन. आज आम्ही तिचीच कथा सांगणार आहोत. पन्नास वर्षांच्या संस्थेने स्वतःस विचारावा असा एक प्रश्न त्या कथेत आहे. सारे काही बदलूनही एखादी गोष्ट तीच कशी राहते?

ही गाडी विजेची लेक आहे. विजेचे कौतुक बंगळूरकरांस वेगळे सांगावयास नको. शिवसमुद्रमच्या विजेने या नगरीचे रस्ते १९०५ सालीच उजळले होते. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातील पहिली विजेची गाडी धावली. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १५०० व्होल्ट दाबाच्या एकदिश प्रवाहाच्या तारा कल्याणपलीकडे नेल्या आणि बोरघाट चढून त्या पुण्यास पोहोचविल्या. हा घाट १८६३ मध्ये हजारो मजुरांचे प्राण घेऊन खुला झाला होता. सदतीस फुटांस एक फूट अशी त्याची चढण वाफेच्या इंजिनांचा दम काढी. विजेने तो चढ सुकर केला आणि १ जून १९३० रोजी दख्खनची राणी रुळांवर आली.

प्रारंभी ती शनिवार-रविवारची गाडी होती. सात-सात डब्यांचे दोन संच होते. एक रुपेरी, त्यावर किरमिजी कड. दुसरा निळा, त्यावर सोनेरी रेघा. डब्यांचे खालचे सांगाडे इंग्लंडात तयार झाले, परंतु वरचे देह घडविले ते माटुंग्याच्या कारखान्यात. त्या डब्यांत वर्ग होते दोनच, पहिला आणि दुसरा. तिसऱ्या वर्गाने प्रवास करणाऱ्या बहुसंख्य जनतेस ही राणी फलाटावरून पाहण्यापुरतीच होती. १ जानेवारी १९४९ पासून जुना पहिला वर्ग रद्द झाला आणि दुसऱ्यास पहिला म्हणू लागले. तिसरा वर्ग जोडला गेला तो थेट जून १९५५ मध्ये. म्हणजे राणीला प्रजेसाठी दार उघडावयास पंचवीस वर्षे लागली, आणि त्यांतील आठ वर्षे स्वातंत्र्यानंतरची होती! पुढे १९७४ साली तिसऱ्या वर्गाचे नावही मावळले आणि तो दुसरा वर्ग झाला.

माटुंग्याचे ते देखणे डबे १९६६ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या जागी मद्रासजवळच्या पेरांबूर कारखान्यातील पोलादी डबे आले. अपघातात ते एकमेकांत घुसत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. सातांचे बारा डबे झाले आणि पुढे त्यांहूनही वाढले. १९९५ मध्ये आणखी नवा संच आला. इंजिनेही बदलली: प्रथम परदेशी बनावटीची, नंतर चित्तरंजन व भोपाळ येथे घडलेली. तारांतील प्रवाहदेखील राहिला नाही; १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह जाऊन २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला. १५ ऑगस्ट २०२१ रोजी मोठ्या काचांचा व्हिस्टाडोम डबा जोडला गेला आणि २२ जून २०२२ पासून संपूर्ण गाडी नव्या एलएचबी डब्यांची झाली.

मग उरले काय? १९३० सालचा एकही डबा, इंजिन वा रंग आज त्या गाडीत नाही. तरीही सकाळी सव्वासातास पुण्याहून निघणाऱ्या आणि सायंकाळी मुंबईहून परतणाऱ्या गाडीस लोक दख्खनची राणीच म्हणतात. नव्या संचातही भोजनयान ठेवले गेले, कारण टेबलाशी बसून चहा-ऑम्लेट घेता येणे हा तिचा कुळाचार आहे. दरवर्षी १ जूनला नित्याचे प्रवासी पुणे स्थानकावर तिचा वाढदिवस साजरा करतात. २०२० च्या महासाथीत ती थांबली आणि पुढे पुन्हा निघाली, तेव्हा नवी गाडी सुरू झाली असे कोणी म्हणाले नाही.

दूर जपानातही असेच घडले आहे. तेथे १ नोव्हेंबर १९५८ रोजी टोकियो आणि ओसाका यांच्यामध्ये ‘कोदामा’ ही विजेची जलद गाडी सुरू झाली. कोदामा म्हणजे प्रतिध्वनी. योगायोग असा, की त्या मार्गावरही १५०० व्होल्टचाच एकदिश प्रवाह होता. आपल्या राणीस इंजिन ओढी. कोदामाच्या मोटारी डब्यांच्या तळाशीच विभागून बसविल्या होत्या. पावणेसात तासांहून थोड्या अधिक वेळात ती ओसाका गाठी. सहाच वर्षांनी, १ ऑक्टोबर १९६४ रोजी, शिंकान्सेन सुरू झाली आणि जुन्या रुळांवरील कोदामाचे काम संपले. जपान्यांनी तेच नाव नव्या मार्गावरील गाडीस दिले आणि ते आजही धावते आहे. डब्यांतच मोटारी बसविण्याची ती पद्धत आपल्या वंदे भारत गाड्यांतही आहे. १० ऑगस्ट २०२५ रोजी अशीच एक गाडी बंगळूर-बेळगाव मार्गावर सुरू झाली आणि आपल्यातील बेळगावकरांचे माहेर जवळ आले.

आता आपल्या घराकडे वळू. मंडळाच्या बैठकींतून एक खंत वारंवार ऐकू येते. मुले घराबाहेर कन्नड बोलतात, शाळेत इंग्रजी बोलतात. घरी मराठी कळते, पण देवनागरी वाचता येत नाही. नाटकास पूर्वीसारखी गर्दी होत नाही. काही जण म्हणतात, नियम कडक करा; काही म्हणतात, आता मराठीचा आग्रहच सोडा. आम्हांस दोन्ही पक्ष अपुरे वाटतात. माटुंग्याचे डबे जपण्याचा हट्ट धरला असता तर राणी संग्रहालयात गेली असती. उलट वेळ, थांबे आणि नाव हेही सोडले असते, तर ती शेकडो गाड्यांतील एक क्रमांक होऊन राहिली असती.

म्हणून आमचे मागणे दोन गोष्टींचे आहे. पहिली, आपला तिसरा वर्ग आपण अजून जोडलेला नाही. तो जोडू या. व्हाइटफील्डच्या भाड्याच्या खोल्यांत राहणारी तरुण मंडळी, कन्नड घरांतून आलेल्या सुना व जावई, अडखळत मराठी बोलणारी नातवंडे, ही सारी आज फलाटावरून आपल्या गणेशोत्सवाकडे पाहत आहेत. राणीप्रमाणे आपण पंचवीस वर्षे लावू नयेत. दुसरी, वेळापत्रक सोडू नये. व्यासपीठावर मराठीच बोलली जावी, मुलांचा मराठी वर्ग ठरल्या दिवशी भरावाच, मग मुले तीन असोत वा तीस.

कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने लागतात, घाटभर तिला ढकलतात आणि लोणावळ्यास मुकाट्याने सुटी होतात. पन्नास वर्षे मंडळास वर चढविणाऱ्या ज्येष्ठांना आमचे विनम्र वंदन. पुढच्या पिढीचा चढ अजून बाकी आहे, तेव्हा आणखी काही काळ त्यांनी मागे लागून राहावे, ही प्रार्थना.